स्पार्टाची शिस्त, अथेन्सची वल्ही

"अथेन्स बोलत राहिलं म्हणून हरलं, स्पार्टा गप्प राहून लढलं म्हणून जिंकलं." हे वाक्य मी वर्षभरात तीनदा ऐकलं. एकदा वसंत व्याख्यानमालेत, एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या भाषणात आणि एकदा घरीच, व्यायामशाळेतून आलेल्या भाच्याच्या तोंडून. त्याच्या बनियनवर तुरा असलेलं शिरस्त्राण छापलेलं होतं. तिन्ही वेळा बोलणाऱ्याच्या मनात ग्रीस कमी आणि आजचा काळ जास्त होता. लोकांना फार बोलू दिलं, प्रत्येकाला विचारत बसलं, की देश दुबळा होतो, हे त्यांना सांगायचं होतं. त्यावर समोरून आलेलं उत्तरही तेवढंच कच्चं होतं. पार्थेनॉन बघा, सॉक्रेटिस बघा, नाटकं बघा! पण सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला तो अथेन्सच्याच नागरिकांनी, आणि पार्थेनॉनच्या संगमरवरात मांडलिक शहरांकडून आलेल्या खंडणीचा वाटा होता. संगमरवर दाखवून लोकशाहीचा बचाव होत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. स्पार्टाची शिस्त मुख्यतः घरातल्या वेठबिगारांना दाबून ठेवण्यासाठी होती आणि त्याच शिस्तीने स्पार्टाला आतून पोखरलं. अथेन्सचं लष्करी बळ ज्या हातांवर उभं होतं, त्याच हातांना तिथे मत होतं; या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. आणि अथेन्सच्या सर्वांत महागात पडलेल्या चुका नीट तपासल्या, तर त्या बोलण्यापेक्षा बोलणं दाबलं गेल्याने झालेल्या दिसतात.

स्पार्टाच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. अथेन्स आणि स्पार्टा या ग्रीक नगरराज्यांमधलं पेलोपोनेशियन युद्ध स्पार्टाने जिंकलं. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सच्या तटबंद्या पाव्याच्या सुरावर पाडल्या गेल्या आणि पाडणाऱ्यांना वाटत होतं की ग्रीसच्या स्वातंत्र्याचा हा पहिला दिवस. त्या वेळी स्पार्टाच्या बाजूच्या कोरिंथ आणि थीब्झ या शहरांना अथेन्स समूळ नष्ट करायचं होतं. स्पार्टाने नकार दिला. ज्या शहराने पर्शियन संकटात ग्रीसची एवढी सेवा केली त्याला आम्ही गुलाम करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यात राजकीय हिशेब असेलही, तरी ते श्रेय त्यांचंच. थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियाच्या सैन्यासमोर स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे तीनशे लोक मरेपर्यंत लढले, हेही खरं. खुल्या मैदानात स्पार्टाच्या पायदळासमोर उभं राहायचं म्हटलं की इतर ग्रीकांचे पाय लटपटत, हेही खरं.

पण हे पायदळ वर्षभर कवायत करत होतं तेव्हा त्यांची शेतं कोण नांगरत होतं? हेलट. लॅकोनियातले आणि डोंगरापलीकडच्या मेसेनियातले जिंकून घेतलेले लोक. टिर्टियस या स्पार्टाच्याच कवीने लिहून ठेवलंय की ओझ्याने वाकलेल्या गाढवांसारखे मेसेनियाचे लोक पिकातला निम्मा वाटा धन्याकडे आणून घालत. निम्मा म्हटल्यावर आपल्याला अर्धेली आठवेल, पण अर्धेलीचा शेतकरी निदान जमीन सोडून जाऊ शकतो. हेलटाला ती मुभा नव्हती. दरवर्षी पदावर आलेले एफर, म्हणजे स्पार्टाचे पाच निवडून आलेले अधिकारी, हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलटाला मारलं तर हत्येचं पातक लागू नये. ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने चरित्रकार प्लुटार्कने हे सांगितलंय. निवडक तरुणांना कट्यार आणि शिधा देऊन रानात पाठवलं जाई. ते दिवसा लपत आणि रात्री रस्त्यावर सापडलेल्या हेलटांना मारत. इतिहासकार थ्युसिडिडीजने सांगितलेला प्रसंग तर वाचवत नाही. युद्धात सर्वांत चांगली कामगिरी केली असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे यावं, त्यांना मुक्त करू, अशी दवंडी स्पार्टाने पिटली. दोन हजारांच्या आसपास हेलट निवडले गेले. डोक्यावर माळा घालून ते देवळांना प्रदक्षिणा घालून आले. त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत, आणि त्यांतला प्रत्येक जण कसा मेला हे कुणाला कळलं नाही. जो स्वतःहून स्वातंत्र्य मागायला पुढे येतो तोच उद्या बंड करील, हा त्यामागचा हिशेब.

या व्यवस्थेला शिस्त म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग पहारेकऱ्याची शिस्त म्हणा. तुरुंगाचा पहारेकरीही वक्तशीर असतो, काटक असतो, कमी बोलतो.

झेनोफन या अथेन्सच्या इतिहासकाराने एक छोटं दृश्य टिपलंय. तो स्वतः स्पार्टाचा चाहता होता, म्हणून ते जास्त मोलाचं. इ.स.पू. ४०० च्या आसपास किनाडॉन नावाच्या एका तरुणाने कट केला. तो अंगापिंडाने धडधाकट, मनाने खंबीर, पण पूर्ण नागरिकांमध्ये त्याची गणना नव्हती. एका माणसाला तो बाजारचौकात घेऊन गेला आणि म्हणाला, इथे स्पार्टाचे पूर्ण नागरिक किती आहेत ते मोज. त्याने मोजले: राजा, एफर, ज्येष्ठ मंडळी आणि इतर मिळून चाळीसेक. किनाडॉन म्हणाला, हे तुझे शत्रू समज. आणि चौकात उरलेले चार हजारांहून जास्त लोक, ते आपले सोबती. हेलट, अर्धवट हक्काचे, आसपासच्या गावांतले, यांच्यासमोर स्पार्टाच्या नागरिकाचं नाव काढलं, तर त्यांना कच्चं खायला मिळालं तरी चालेल अशी भावना कुणी लपवू शकत नाही, असंही तो पुढे म्हणाला. कट फुटला. पकडल्यावर त्याला विचारलं, तू हे का केलंस? त्याचं उत्तर होतं: स्पार्टात कुणापेक्षाही कमी नसावं म्हणून.

चाळीस आणि चार हजार. ज्या युद्धात स्पार्टा जिंकलं, ते संपून पाच-सात वर्षंही झाली नव्हती.

पर्शियनांविरुद्धच्या प्लेटीआच्या लढाईत, इ.स.पू. ४७९ मध्ये, स्पार्टाने आपले पाच हजार पूर्ण नागरिक उतरवले होते, असं इतिहासकार हिरोडोटस सांगतो. शंभर वर्षांनी, इ.स.पू. ३७१ मध्ये, थीब्झविरुद्ध ल्युक्ट्राच्या मैदानात सातशे होते आणि त्यांतले चारशे पडले. राज्य मोडायला एवढं पुरलं. का? नागरिकत्व टिकवायचं तर सामुदायिक पंगतीचा शिधा दरमहा द्यावा लागे. ज्याची जमीन गेली, त्याला शिधा जमला नाही आणि तो नागरिक राहिला नाही. जमिनी थोड्यांच्या हाती गोळा होत गेल्या. बाहेरच्याला नागरिक करून घ्यायचं त्या समाजाच्या स्वभावातच नव्हतं. ॲरिस्टॉटलने नेमकं हेच लिहिलंय: हा देश माणसांच्या टंचाईने बुडाला. लोकांनी पुढे येऊन कायदा बदला असं म्हणायची सोय असती, तर कुणी म्हणालं असतं. ल्युक्ट्रानंतर थीब्झच्या एपामिनोंडासने मेसेनिया मोकळा केला, तिथे मेसेनी नावाचं नवं शहर उभारलं, आणि कित्येक पिढ्यांचे हेलट नागरिक झाले. ग्रीक इतिहासात मला याहून आनंदाची घटना फारशी आठवत नाही.

थर्मोपिलीचं नाव निघालं की आपल्याकडे पावनखिंड आठवतेच, आणि ते स्वाभाविक आहे. मूठभर माणसं, अरुंद वाट, मागच्यांना वेळ मिळावा म्हणून दिलेले प्राण. पण ही तुलना करणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे: बाजीप्रभू आणि बांदल मंडळींच्या शेजारी कुणाला उभं करायचं असेल तर आधी थेस्पिईच्या सातशे जणांना उभं करा. थेस्पिई हे बीओशियातलं छोटं गाव. शेवटच्या दिवशी लिओनिडासने इतर फौजांना परत जायला सांगितलं तेव्हा डेमोफिलस आणि त्याचे सातशे लोक हलले नाहीत. आम्ही तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणाले, आणि सगळे तिथेच मेले. त्यांच्याकडे सात वर्षांच्या मुलाला आईपासून तोडणारी व्यवस्था नव्हती, की आयुष्यभराची कवायत नव्हती. एरवी शेती करणारी, कामधंदा पाहणारी माणसं होती ती. त्यानंतर पर्शियाचा राजा झर्क्सिस याने त्यांचं गाव जाळलं. पुढच्या वर्षी प्लेटीआला थेस्पिईचे अठराशे लोक आले, पण त्यांच्याकडे जड शस्त्रं नव्हती. आणि त्यांचं खास स्मारक थर्मोपिलीला उभं राहायला १९९७ साल उजाडावं लागलं. अजून एक: लढाईनंतर झर्क्सिसने आपल्या लोकांना ग्रीकांची प्रेतं दाखवली. पाहणाऱ्यांना वाटलं सगळे स्पार्टाचे आणि थेस्पिईचे आहेत. पण हिरोडोटस म्हणतो, त्यांत हेलटही होते. तीनशेच्या आकड्यात ते कधीच आले नाहीत.

स्पार्टाची आख्यायिका कोणाच्या कामी आली हेही पाहिलं पाहिजे. ३० जानेवारी १९४३ ला, स्टॅलिनग्राडमध्ये जर्मन सैन्य कोंडून मरत असताना, हिटलरचा सहकारी हेरमान ग्योरिंगने बर्लिनमधून भाषण केलं आणि त्या सैनिकांना थर्मोपिलीचा दाखला दिला. त्या सैनिकांना त्यांच्याच नेत्याच्या हट्टाने तिथे अडकवलं होतं. हट्टावर प्रश्न विचारायचा नसला की हौतात्म्याची गोष्ट सांगायची, हा मार्ग तेव्हापासून आजवर मोकळाच आहे.

आता अथेन्स. इ.स.पू. ४८३ मध्ये अथेन्सच्या मुलखातल्या लॉरियनच्या खाणीत चांदी मोठ्या प्रमाणात सापडली. माणशी दहा द्राख्मा वाटून घ्यायच्या असं ठरत होतं. थेमिस्टोक्लीस हा पुढारी उभा राहिला आणि म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. लोकांनी ऐकलं. जमाव नेहमी स्वतःच्या खिशाचाच विचार करतो असं म्हणणाऱ्यांनी या मतदानाचं काय करायचं ते सांगावं. तीन वर्षांनी सॅलमिसच्या सामुद्रधुनीत याच जहाजांनी पर्शियाचं आरमार फोडलं.

त्या जहाजाला ट्रायरीम म्हणत. एका जहाजावर १७० वल्हेकरी, तीन थरांत: वर ६२, मध्ये ५४, तळाला ५४. तळातल्यांना समुद्र दिसत नसे. त्यांच्या वल्ह्याच्या भोकाला चामड्याची पिशवी बांधलेली, पाणी आत येऊ नये म्हणून. वरच्यांचा घाम त्यांच्या डोक्यावर गळायचा. प्रत्येकाची मालमत्ता तीन वस्तू: वल्हं, बसायची गादी आणि वल्हं खुंटीला बांधायची वादी. सगळे पाठमोरे बसलेले, म्हणजे ज्या शत्रूवर जहाज आदळायचं तो एकालाही दिसत नाही. पाव्याचा सूर आणि ठेका सांगणाऱ्याचा आवाज एवढ्यावर विश्वास. एकाचं वल्हं चुकलं की शेजारच्या दोघांची अडकतात. ग्रीक नौदलात १९८७ मध्ये दाखल झालेल्या 'ऑलिम्पियास' या प्रतिकृतीवर वल्हेकऱ्यांनी सुमारे नऊ नॉटांचा, म्हणजे ताशी सोळा-सतरा किलोमीटरचा वेग गाठून दाखवला. ही शिस्त नव्हे तर काय? आणि ही माणसं कोण होती? त्यांत परदेशी होते, कधी गुलामही होते, पण मोठा भाग अथेन्सच्या सर्वांत गरीब नागरिकांचा, ज्यांच्याकडे चिलखताला पैसे नव्हते. जहाजावरून उतरून तीच माणसं नागरिकांची सभा भरे त्या प्निक्स टेकडीवर जात आणि पुढची मोहीम करायची की नाही यावर हात वर करत. अथेन्सच्या लोकशाहीचा तिटकारा असलेल्या एका अनामिक लेखकाची छोटी पुस्तिका आज उपलब्ध आहे. तोसुद्धा पहिल्याच पानांत कबूल करतो की गरिबांना इथे जास्त हक्क आहेत ते रास्तच, कारण जहाजं तेच चालवतात आणि शहराला ताकद तेच देतात.

माझ्याविरुद्धचा सर्वांत जड मुद्दा मी टाळणार नाही. हेच लोक क्रूर होते. मेलॉस या बेटाने शरण यायला नकार दिला तेव्हा, इ.स.पू. ४१६-४१५ च्या हिवाळ्यात, अथेन्सने तिथल्या हाती लागलेल्या पुरुषांना मारलं, बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं. लॉरियनच्या ज्या चांदीचं मी वर कौतुक केलं ती गुलामांनी अंधाऱ्या बोगद्यांत सरपटत काढली होती. स्त्रियांना मत नव्हतं. मग फरक काय राहिला, दोघंही सारखेच, असं कुणी म्हणेल.

फरक मला इ.स.पू. ४२७ च्या एका उन्हाळ्यात दिसतो. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनीने अथेन्सविरुद्ध उठाव केला आणि तो मोडला गेला. रागाच्या भरात सभेने ठरवलं: सगळे पुरुष मारा. हुकूम घेऊन जहाज सुटलं. दुसऱ्या दिवशी लोकांना स्वतःच्याच निर्णयाची टोचणी लागली. सभा पुन्हा भरली, क्लीऑन कत्तलीच्या बाजूने बोलला, डायोडोटस विरुद्ध. थोड्या मतांनी हुकूम फिरला. दुसरं जहाज निघालं तेव्हा पहिलं एक दिवस-रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता, दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं आणि पाळीपाळीने झोप काढली. पहिल्या जहाजाला त्या कामाची घाई नव्हती. सेनापती हुकूम वाचून अंमलबजावणीला निघणार, तेवढ्यात दुसरं जहाज बंदरात शिरलं. उठावाचे हजाराहून जास्त म्होरके तरीही मारले गेले, हे मी लपवत नाही. पण शहर वाचलं.

त्याच उन्हाळ्यात स्पार्टाने प्लेटीआ घेतलं. हे तेच गाव, जिथे ४७९ मध्ये पर्शियनांना हरवल्यावर स्पार्टाच्या सेनापतीने गावाच्या स्वातंत्र्याची हमी दिली होती. स्पार्टाचे पाच न्यायाधीश आले. प्लेटीआच्या लोकांनी विनवलं: तुमच्या वाडवडिलांच्या कबरी आमच्या मातीत आहेत, दरवर्षी आम्ही त्यांना वस्त्रं आणि पहिल्या पिकाचा नैवेद्य वाहतो. न्यायाधीशांनी एकेकाला पुढे बोलावून एकच प्रश्न विचारला: या युद्धात तू स्पार्टाला काही मदत केलीस का? नाही म्हणाला की बाहेर नेऊन मारला. दोनशेहून जास्त. तिथे दुसरं जहाज निघालं नाही. निघणार कुठून? दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची जागाच नव्हती.

सिसिलीच्या मोहिमेचं काय, असं हमखास विचारलं जातं. ४१५ मध्ये लोकांनीच ती मंजूर केली आणि दोन वर्षांत सगळं आरमार बुडालं. ही लोकशाहीची घोडचूक होती. पण थ्युसिडिडीज नेमकं काय म्हणतो? उत्साह एवढा उसळला होता की ज्यांना मोहीम पटली नव्हती ते, विरोधात हात वर केला तर देशद्रोही ठरू या भीतीने, गप्प बसले. ४०६ मध्ये आर्गिनुसीच्या विजयानंतर सहा सेनापतींना मृत्युदंड दिला, तेव्हाही प्रत्येकाचं म्हणणं वेगवेगळं ऐकून घ्या म्हणणाऱ्यांना आरडाओरडा करून दाबलं गेलं. अडून राहिला तो सॉक्रेटिस. त्याचा स्वतःचा खटला मात्र माझ्या मांडणीत बसत नाही. त्याला बोलायला पूर्ण वेळ मिळाला आणि तरी ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. ते अथेन्सचं पाप आहे आणि त्याला मी काही कारण शोधत नाही.

जिंकल्यावर स्पार्टाने अथेन्सवर तीस जणांची राजवट बसवली. तिचा म्होरक्या क्रिटियस स्पार्टाचा भक्त. वर्षही धड झालं नाही, तेवढ्यात त्यांनी पंधराशे माणसं मारली, कित्येकांची मालमत्ता बळकावण्यासाठी. थ्रासिब्युलस सत्तर जणांना घेऊन डोंगरातून आला, आणि ४०३ मध्ये लोकशाही परतली. समेटाला स्पार्टाच्या राजाने, पॉसॅनियसने, हातभार लावला हेही नोंदवलं पाहिजे. त्यानंतर लोकांनी काय केलं? मुख्य गुन्हेगार सोडून बाकीच्यांचं मागचं काढायचं नाही अशी शपथ घेतली. इतकंच नाही, तीस जणांच्या पक्षाने लोकशाहीवाद्यांशी लढण्यासाठी स्पार्टाकडून जे कर्ज काढलं होतं, ते सगळ्या शहराने मिळून फेडलं. ज्यांच्या भावांना मारायला ते पैसे वापरले गेले त्यांनीही आपला वाटा घातला. ही लोकशाही पुढे ३२२ पर्यंत टिकली. स्पार्टाचं वर्चस्व तेहतीस वर्षांत संपलं होतं.

आणि हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं? मेलॉसची कत्तल, सिसिलीचा वेडेपणा, आर्गिनुसीचा अन्याय, सॉक्रेटिसचा मृत्यू: थ्युसिडिडीज, झेनोफन, प्लेटो, सगळे अथेन्सचेच. मेलॉस होऊन काही महिने झाले होते, आणि नाटककार युरिपिडीसने त्याच प्रेक्षकांसमोर पराभूत ट्रॉयच्या बायकांचा आक्रोश रंगमंचावर आणला. स्पार्टाने स्वतःच्या हेलटांबद्दल लिहिलेलं काय उरलंय? टिर्टियसच्या त्या चार ओळी, आणि त्यांतही दया नाही. इ.स.पू. ३५५ च्या सुमारास डेमॉस्थेनिस हा वक्ता अथेन्सच्या ज्युरीपुढे उभा होता. स्पार्टाचा दाखला देणाऱ्या प्रतिपक्षाला त्याने सांगितलं की स्पार्टात अथेन्सच्या कायद्यांची स्तुती करायला मनाई आहे, आणि इथे तुम्ही स्पार्टाची स्तुती करताय, तुम्हाला कुणी अडवत नाही.